जुन्या नाशकातला वाडा पुन्हा उभा करताना: खाली दुकानं, वर परवडणारी घरं

रविवार कारंजा, भद्रकाली, दहीपूल, सोमवार पेठ, पंचवटीतल्या आतल्या गल्ल्या. दिवसभर पाय ठेवायला जागा नसते, आणि दुकानांच्या डोक्यावरच्या माड्यांना मात्र कुलपं. कुटुंबं सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडकडे गेली. मागे उरले जुने भाडेकरू, म्हातारी माणसं आणि कोर्टातले दावे. दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, नोटीस भिंतीवर राहते आणि एखाद्या रात्री भिंतच खाली येते.

यावर उपाय म्हणून ‘क्लस्टर’ची, म्हणजे अनेक जुन्या इमारती एकत्र घेऊन नव्याने बांधण्याची, चर्चा गावठाणात वर्षानुवर्षे चालू आहे. ती योजना येईल तेव्हा येईल. तोवर दोन-तीन शेजारचे वाडे एकत्र येऊन काय करू शकतात आणि कुठल्या क्रमाने, ते इथे लिहिलं आहे. क्रम महत्त्वाचा, कारण बहुतेक ठिकाणी बिल्डर आधी येतो आणि कागद मागाहून शोधले जातात. तिथेच घोडं पेंड खातं.

आधी वाडा खरंच पाडायचा आहे का?

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार बंधनकारक आहे. तपासणीअंती इमारत चारपैकी एका वर्गात बसते. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२ब म्हणजे माणसं आत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. फक्त काँक्रीटच्या इमारती तपासणारा इंजिनीअर वाड्यात आला की डोळे मिटून सी-१ लिहितो. लाकूड आणि चुना समजणारा माणूस बोलवा.

त्याने काय पाहायला हवं? तुळईची भिंतीत गेलेली टोकं. सागवान मधोमध ठणठणीत असतं, कुजतं ते टोकाला, आणि बहुतेकदा त्याच्या वरच मागाहून बांधलेली मोरी किंवा संडास असतो. टोच्या घालून पाहायचं. दोन बोटं आत गेला तर ती तुळई गेली. मग दुकानातले खांब मोजायचे. गाळा मोठा दिसावा म्हणून काढलेला एखादा खांब जवळजवळ प्रत्येक वाड्यात सापडतो, आणि वरचा खण तिथेच बसलेला असतो. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल तर तो दोन-तीन ठिकाणी फोडून बघा. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही, आतली माती लगदा होते आणि बाहेरून भिंत नवी कोरी दिसते. शेवटी बाजूला रिकामा प्लॉट आहे का ते पाहा. शेजारचा वाडा पाडला की कधीही पाऊस न पाहिलेली सामाईक भिंत उघडी पडते. कोसळणाऱ्या भिंतींत अशा भिंती फार असतात.

दुरुस्तीने भागत असेल तर करून घ्या, चुन्यातच. पुढचं सगळं त्या वाड्यांसाठी, ज्यांचं दुरुस्तीने भागणार नाही.

कागद

नगर भूमापन कार्यालयातून प्रत्येक सिटी सर्व्हे नंबरची मिळकत पत्रिका आणि चौकशी नकाशा काढा. पत्रिकेवर आजोबांचं नाव असेल तर आधी वारस नोंद. हिस्सा नको असलेल्या बहीण-भावांची हक्कसोडपत्रं नोंदणीकृतच हवीत. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात त्याला मुद्रांक नाममात्र लागतो, त्यामुळे साध्या कागदावर सही घेऊन पैसे वाचवण्यात अर्थ नाही. परदेशात असलेल्या पुतण्याचं कुलमुखत्यारपत्र सर्वांत जास्त वेळ खातं. ते पहिल्याच महिन्यात मागवा.

मग भूमी अभिलेखकडून मोजणी. गावठाणात प्रत्यक्ष ताबा आणि पत्रिकेवरचं क्षेत्र जुळणं हा अपवाद समजा. बोळ कोणाचा, सामाईक भिंतीची मध्यरेषा कुठली, हे मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला उभं करून तिथल्या तिथे लिहून घ्या. दोन वाडे जोडायचे असतील तर एकत्रीकरणाचा अर्ज बांधकाम परवानगीबरोबरच करता येतो.

माणसांची यादी

कागदाइतकीच ही महत्त्वाची, आणि हीच कोणी नीट करत नाही. प्रत्येक खोलीत, प्रत्येक गाळ्यात कोण, कधीपासून, कशाच्या आधारावर? भाडेपावती, वीजबिल, घरपट्टीच्या उताऱ्यातलं भोगवटादाराचं नाव, मतदार यादी, दुकानाचा परवाना. प्रत्येकाची जागा मालक आणि भाडेकरू दोघांसमोर फुटपट्टीने मोजा, नकाशा काढा, दोघांच्या सह्या घ्या, फोटो जोडा.

काही मालक वाट बघतात: वाडा पडला की भाडेकरू आपोआप जाईल. तो भ्रम सोडा. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरार संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६ खाली पाडून बांधण्यासाठी ताबा मागता येतो, पण तोही नव्या इमारतीत जागा देण्याच्या अटींसह. मग दहा वर्षं भांडून जे द्यावं लागतं ते आजच करारात का देऊ नये? भाडेकरूंनाही एक सांगणं: पावत्या नसतील आणि मोजणीचा कागद नसेल तर वाडा पडल्यावर तुमच्याकडे दाखवायला फक्त ढिगारा असतो. सी-१ ची नोटीस आली तर सोडून जाण्याआधी मोजणी करून घ्या आणि ताबा सोडत असल्याचं, हक्क सोडत नसल्याचं, लेखी द्या.

प्रत्येकाशी कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार करा आणि तो नोंदवा. त्यात चार गोष्टी आकड्यात हव्यात: किती चौरस मीटर कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), कुठल्या मजल्यावर, काम चालू असताना महिना किती भाडं आणि किती महिन्यांचं आगाऊ, उशीर झाला तर काय. ‘योग्य ती जागा’ असे शब्द असलेला करार करू नका.

गणित

आता खरी गोम. पुढचे दर नुसते धरलेले आहेत. तुमच्या गल्लीचे घालून पुन्हा मांडा.

समजा एकच वाडा, ३०० चौ.मी. आर्किटेक्टने सगळं धरून ७५० चौ.मी. बांधकाम बसेल असं काढलं. सहा भाडेकरू प्रत्येकी ३० चौ.मी. कार्पेट, चार जुनी दुकानं प्रत्येकी १२, चार भाऊ प्रत्येकी ५५. एकूण ४४८ कार्पेट. लहान प्लॉटवर जिना, लिफ्ट, भिंती यांत बरंच जातं, म्हणून १.३५ ने गुणा: ६०५ चौ.मी. विकायला उरलं १४५ बांधीव, म्हणजे १०७ कार्पेट. ६,००० रुपये चौरस फुटाने साधारण ६९ लाख. खर्च? ७५० चौ.मी. म्हणजे ८,०७३ चौ.फूट, दर २,५०० धरला तर २ कोटी २ लाख. त्यावर शुल्क, भाडी, व्याज, फी मिळून २५ टक्के. २ कोटी ५२ लाख. तूट १ कोटी ८३ लाख. बिल्डर एक चक्कर मारून परत का येत नाही, त्याचं उत्तर या बेरजेत आहे.

आता शेजारचा २६० चौ.मी.चा वाडा जोडा. त्याच प्रमाणात १,४०० चौ.मी. बांधकाम. दहा भाडेकरू ३० प्रमाणे, सहा जुनी दुकानं १२ प्रमाणे, सहा मालक आणि त्यांनी ५५ ऐवजी ४५ वर समाधान मानलं: ६४२ कार्पेट. जिना-लिफ्ट एकच, मधली भिंत गेली, म्हणून गुणक १.२८ वर आला, ८२२ चौ.मी. विकायला ५७८ बांधीव, म्हणजे ४५० कार्पेट. त्यात रस्त्याकडे ९० चौ.मी. दुकानं १६,००० ने: १ कोटी ५५ लाख. पहिल्या मजल्यावर दवाखाने, सीएंची ऑफिसं, शिकवण्या यांना १५० चौ.मी. ९,००० ने: १ कोटी ४५ लाख. वर ३५ चौ.मी.ची सहा घरं ६,००० ने: १ कोटी ३६ लाख. जमा ४ कोटी ३६ लाख, खर्च ४ कोटी ७१ लाख. तूट ३५ लाख, सहा मालकांत प्रत्येकी सहा लाखांच्या आत. हे जमण्यासारखं आहे.

यातून दोन गोष्टी दिसतात. घरं साडेबावीस लाखांना ठेवायची असतील तर तो भार दुकानांनी उचलायला हवा. सगळे मजले घरांचेच केले की एक तर घर महाग होतं किंवा काम अर्धवट पडतं. आणि मालकांनी दहा-दहा चौ.मी. सोडले नसते तर गणित पुन्हा उताणं पडलं असतं.

किती बांधकाम बसेल हे राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीतून निघतं. गावठाणात सगळं रस्त्याच्या रुंदीवर अडतं: ९ मीटरहून अरुंद बोळात मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) कमी आणि बाहेरून टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क, आणायला वाव नसल्यासारखाच. म्हणून शक्य असेल तर मोठ्या रस्त्याला तोंड असलेला वाडा आणि त्याच्या पाठीमागचा बोळातला वाडा अशी जोडी लावा. पुढच्याला जागा मिळते, मागच्याला रस्ता. जुन्या भाडेकरूंच्या इमारतींसाठी पुनर्वसन क्षेत्रावर प्रोत्साहनपर एफएसआयची वेगळी तरतूद आहे. ती फक्त अधिकृत बांधकामाला आणि अधिकृत भाडेकरूंना लागू होते. वर सांगितलेली यादी इथे पैशात बदलते.

करांचं पण बघा. नाशिकमध्ये ९० चौ.मी.पर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असलेल्या घराला जीएसटी १ टक्का. पण दुकान-ऑफिसांचं कार्पेट एकूण कार्पेटच्या १५ टक्क्यांवर गेलं की त्या गाळ्यांना ५ ऐवजी १२ टक्के लागतात. आपल्या उदाहरणात ते २८ टक्क्यांच्या पुढे आहे, तेव्हा गाळ्याचा भाव ठरवतानाच हे गिऱ्हाइकाला सांगा. जागा ५०० चौ.मी.हून मोठी आणि घरं-गाळे आठांहून जास्त, म्हणजे महारेराची, बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी आलीच. खरेदीदारांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि कामाच्या प्रमाणातच निघतात. खरेदीदाराचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत असेल, देशात कुठेही पक्कं घर नसेल, घर ३५ लाखांपर्यंतचं आणि कर्ज २५ लाखांपर्यंतचं असेल तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधून पहिल्या ८ लाख कर्जावर ४ टक्के व्याज अनुदान मिळू शकतं, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच हप्त्यांत.

पूर आणि जमीन

सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल, गोदावरीकाठची पंचवटी: इथे नकाशा काढण्याआधी पूररेषेचा दाखला घ्या. निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. नदीकाठच्या पट्ट्यात जुन्या अधिकृत इमारतीच्या पुनर्बांधणीला परवानगी मिळते ती जोतं लाल रेषेच्या पातळीवर ०.४५ मीटर ठेवून. म्हणजे काही ठिकाणी दुकान रस्त्यापासून माणूसभर उंच जाईल आणि गिऱ्हाईक चढणार नाही. अशा जागी तळमजला पार्किंगला मोकळा ठेवून पहिल्या मजल्यावर बाजार करणं बरं, आणि गणित त्या कमी भावाने मांडणं. सराफ बाजारात पाणी फक्त गोदावरीतून येत नाही. तासभर धो-धो पाऊस झाला की सरस्वती नाला खालून वर येतो. म्हणून सांडपाण्याच्या प्रत्येक जोडणीला उलट पाणी रोखणारा व्हॉल्व्ह, वीज मीटर पहिल्या मजल्यावर, आणि तळघराचं नावही काढू नका.

जमिनीचं दुखणं वेगळंच. जुनं नाशिक उभं आहे ते शतकानुशतकांच्या वस्तीच्या थरांवर. डेक्कन कॉलेजने १९५०-५१ मध्ये इथल्या गढीवर उत्खनन केलं ते यासाठीच. इतिहासाला ती पर्वणी, पायाला मात्र कटकट. राख, विटांचे तुकडे, बुजलेले आड, धान्याची पेवं. दोन मीटरवर कठीण लागलं म्हणून थांबू नका, ते जुनं जोतं असू शकतं. माती तपासायला निदान दोन बोअर, खऱ्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत. काझीच्या गढीच्या उतारालगत तर उताराच्या स्थैर्याचा अहवाल आल्याशिवाय कुदळ लावू नये. सरकारवाडा किंवा सुंदरनारायण मंदिराच्या शेजारी असाल तर पुरातत्त्व विभागाकडे आधीच विचारा.

नकाशा काढताना

वाड्याच्या मधला उघडा चौक ठेवा. एफएसआयच्या हव्यासात तो झाकला की मागची घरं दिवसाही दिवे लावून बसतात आणि तीच विकली जात नाहीत. बाजूच्या दोन्ही भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या असताना उजेड येणार तो वरूनच. तीन मीटरपेक्षा अरुंद चौक म्हणजे नुसतं धुराडं.

घरांचा जिना दुकानांपासून वेगळा आणि रस्त्यावरून दिसणारा असू द्या. दुकान आत चार-पाच मीटर गेलं की पुरतं. त्यामागे खोल गेलेला भाग गोडाऊन होतो, आणि घरांखाली फटाके, रसायनं, गॅस साठवता कामा नये हे करारातच लिहा. एका तरी गाळ्यात कधी ना कधी मिसळ किंवा वडापाव लागणारच. त्यासाठी धुराची नळी तळापासून गच्चीच्या वर दीड-दोन मीटर आजच बांधून ठेवा आणि सांडपाण्याला तेल अडवणारी टाकी. नंतर भिंतीबाहेरून पत्र्याची नळी चढते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या वाळत घातलेल्या कपड्यांना तर्रीचा वास येतो. पाण्याच्या टाक्या, मीटर दुकानांचे वेगळे. भांडीवाल्यांसारख्या आवाजाच्या धंद्याला वेळ ठरवून द्या.

पाडणं आणि बांधणं

गाळेवाल्यांचा वर्षाचा धंदा दसरा-दिवाळीचा. त्याआधी त्यांना हलवलंत तर करार कितीही चांगला असो, मनं बिघडतात. दिवाळी झाली की रिकामं करा, डिसेंबर-जानेवारीत पाडा, मेअखेर जोतं पूर्ण करून जोते तपासणी दाखला घ्या. पाया उघडा ठेवून पावसाळ्यात शिरणं म्हणजे शेजारच्या वाड्याची भिंत खड्ड्यात ओढून घेणं. पुढच्या वेळापत्रकात कुंभही धरा: २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या पर्वण्यांच्या सुमारास रामकुंडाभोवतीच्या रस्त्यांवर खडीचा ट्रक सोडाच, दुचाकी नेणंही अवघड असेल. त्या काळात आतली कामं ठेवा.

पाडण्याआधी शेजाऱ्यांच्या भिंतींचे तारखेसह फोटो घ्या. जिथे तडा आहे तिथे काचेची पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवा. भिंत हलली की काच तडकते आणि वाद उरत नाही. पाडकाम वरून खाली: कौलं, वासे, तक्तपोशी, तुळया, मग भिंती. सामाईक भिंतीला आधी तिरके टेकू, आणि शेजाऱ्याच्या तुळया तिच्यात असतील तर ती पाडायचीच नाही. उघड्या बाजूला चुन्याचा गिलावा आणि वरच्या कडेला कौलांची किंवा पत्र्याची टोपी.

पाडकामाचा ठेकेदार ‘उलट आम्हीच पैसे देतो’ म्हणतो, कारण जुन्या सागाला चांगली किंमत येते. खांब, तुळया, कोरीव तोडे, दिंडी दरवाजा यांची लांबी-जाडीसकट यादी करून मगच बोली मागवा. दोन-चार खांब आणि दरवाजा नव्या इमारतीच्या प्रवेशाला वापरले तर सुताराचे पैसेही वाचतात.

बोळात काँक्रीटचा मोठा मिक्सर शिरत नाही. रात्री मोठ्या रस्त्यावर उभा करून पाइपने पंप करावं लागतं. त्यासाठी वाहतूक शाखेची परवानगी आणि पाइपच्या वाटेवरच्या दुकानदारांची संमती आधी घ्या. छोट्या मिक्सरवर हाताने माल केला तर स्लॅब एका दमात होत नाही, जोड पडतो, आणि पहिल्याच पावसात तिथून गळती सुरू होते. एवढ्या एका कारणाने खराब झालेल्या इमारती गावठाणात कितीतरी आहेत.

ताबा दिल्यावर

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेल्या दाखल्याशिवाय, कोणालाही आत घेऊ नका. पाणीपट्टीचा दर, बँकेचं कर्ज, पुढची विक्री, सगळं त्यावर अडतं.

अपार्टमेंट कायदा १९७० खाली डिक्लरेशन (मालकी आणि नियमांचं घोषणापत्र) करताना देखभालीची विभागणी त्यातच लिहा. सगळ्यांना सारखी वर्गणी लावली की ३० चौ.मी.च्या घरातल्या आजींना लिफ्टचा खर्च झेपत नाही, त्या घर विकून निघून जातात, आणि परवडणारं घर वर्ष-दोन वर्षांत गोडाऊन होतं. वर्गणी क्षेत्रफळावर, दुकान-ऑफिसांना घरांच्या दीडपट किंवा दुप्पट, आणि दर्शनी भिंतीवरच्या पाट्यांचं किंवा एटीएमचं भाडं थेट देखभाल खात्यात. रंग, पंप, लिफ्टचा दोर यांसाठी राखीव निधी पहिल्या महिन्यापासून. घराचा वापर बदलून गोडाऊन किंवा लॉज करायला मनाई आणि ती मोडल्यास दंड, हेही डिक्लरेशनमध्येच; नंतरच्या सभेत हा ठराव कधीच मंजूर होत नाही, कारण तोवर दोघांनी गोडाऊन केलेलं असतं.